कोल्हापूर स्टेशनमागचं चायनीज: चिली चिकन एक नंबर, कोळंबी टाळा

गडबडीत असाल तर एवढंच वाचा. चिली चिकन घ्या, ग्रेव्हीवालं, हाडासकट. सोबत साधा एग फ्राईड राईस नाहीतर पॅन फ्राईड नूडल्स. सूप घ्यायचंच असेल तर वाँटन सूप. कोळंबीच्या वाटेला जाऊ नका. दोघांचं पोटभर सातशेच्या आत होतंय, चारचाकी लावायला जागा नाही त्यामुळं बाईकवरनं या, आणि रविवारी रात्री आठनंतर गेलात तर बाहेर कट्ट्यावर अर्धा-पाऊण तास बसायची तयारी ठेवा.

ज्यांच्याकडं वेळ आहे त्यांनी पुढं वाचा, कारण मला जरा भांडायचंय. हॉटेलाशी नाही, हॉटेलात येऊन "हे काय ओरिजिनल चायनीज नाही" म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी.

हॉटेलचं नाव टाकत नाही. मालक म्हणले, "लिवा काय लिवायचं ते, फकस्त नाव आन् फोटू नको." कारण पुढं येईल. कोल्हापुरातल्या निम्म्या लोकांना एवढ्यावरच कळलं असेल कुठलं ते, उरलेल्यांनी स्टेशनच्या मागं कुणालाही विचारा.

आता आपल्याकडं चायनीज म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. लाल गाडी, त्यावर ड्रॅगन, भणाणणारा बर्नर, शेजवानचा डबा, चायनीज भेळ, ट्रिपल राईस, लॉलीपॉप. मला ते पण आवडतं, रात्री अकराला रंकाळ्यावरनं येताना त्याला तोड नाही. पण हे हॉटेल त्यातलं नाही. इथले मालक चिनी वंशाचे आहेत, हक्का समाजातले, म्हणजे आपण जे हक्का नूडल्स म्हणून खातो ते ज्यांच्या नावावर खपतंय ती माणसं. आजोबा चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या मोइयान भागातनं कोलकात्याला आले, वडील तिथल्याच टांग्र्यात, म्हणजे चिनी वस्तीत, जन्मले, मालक पण टांग्र्यातलेच. वडील आधी मुंबईला हॉटेलात कुक, मग कोल्हापुरातल्या एका लॉजच्या किचनला लागले आणि हिकडचेच झाले. मालकांची दोन्ही पोरं इथल्या सीपीआर दवाखान्यात जन्मलेली. मालक चीनला कधी गेलेले नाहीत. "हुबळीपातूर गेलोय," म्हणतात.

तर परवा पलीकडच्या टेबलावर एक फॅमिली होती, त्यातले काका शांघायला कंपनीच्या कामानं जाऊन आलेले, आणि ते सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं सांगत होते की तिकडं असलं मंचुरियन-बिंचुरियन काय मिळत नाही, हे सगळं इथल्या लोकांनी काढलेलं डुप्लिकेट आहे. मालक गल्ल्यावर बसून ऐकत होते, काय बोलले नाहीत. आता काका म्हणतात ते खरंच आहे, शांघायला नाहीच मिळत. पण डुप्लिकेट कशाचं? चिकन मंचुरियन १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या किचनमध्ये नेल्सन वाँग यांनी काढलं असं सांगतात, आणि हे वाँग कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला घेतला आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं. मंचुरिया प्रांताशी त्याचा काडीचा संबंध नाही हे कबूल. पण चिनी माणसानं भारतात जन्मून भारतातल्या गिऱ्हाइकासाठी केलेला पदार्थ आहे, त्याचा ओरिजिनल पत्ता मुंबईच. तसंच या हॉटेलातल्या चिली चिकनचा पत्ता टांग्रा. शांघायशी त्याची तुलना करायची म्हणजे तांबडा रस्सा दिल्लीत मिळत नाही म्हणून खोटा ठरवण्यातला प्रकार झाला.

बरं चिली चिकनकडं येऊ. काउंटरच्या बाजूच्या खिडकीतनं किचन दिसतं, तिथं उभं राहून बघा एकदा. कोंबडीचे हाडासकट बारके तुकडे, सत्तूरनं तोडलेले, बोनलेस मागितलं तर देतात पण मालकांचं तोंड वाकडं होतं. आधी पातळ कव्हरमध्ये तळून काढतात, मग दुसऱ्या कढईत लसूण, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, कांद्याच्या जाड पाकळ्या, आणि मग काळा सोया सॉस कढईच्या कडेनं फिरवून सोडतात, मधी नाही, कडेनं, त्यामुळं तो लोखंडावर जळतो आणि एक धुरकट वास येतो जो टेबलापर्यंत येईस्तोवर अर्धा उडालेला असतोय. म्हणून पार्सल नेऊ नका. रंग काळपट तपकिरी, लालभडक अजिबात नाही, फूड कलर वापरत नाहीत. पहिल्यांदा बघून आमच्या गँगमधला एकजण म्हणला, "मर्दा हे करपलंय व्हय?" आणि मग त्यानंच दुसरी प्लेट मागवली. तिखट आहे पण आपल्या तिखटासारखं घशात धरत नाही, हिरव्या मिरचीचं आहे, जिभेच्या शेंड्यावर येतं आणि जातं. फुल प्लेट २८० रुपये.

टेबलावर जो हिरवा सॉस ठेवतात तो कोलकात्याच्या पोउ चाँगचा, १९५८ पासनं तिथल्या चिनी कुटुंबाचा ब्रँड. आपल्या गाड्यांवरच्या चिली सॉसनं ज्यांचं मत खराब झालंय त्यांनी हा चाखून बघा, मिरचीचा खरा वास येतो. मालक खोकी भरून मागवतात, विकत मागितलं तर कधी देतात कधी नाही, मूडवर आहे.

वाँटन सूप स्वच्छ आहे, कॉर्नफ्लॉवरची खळ नाही. वाँटन रोज दुपारी मालकांच्या आई वळतात. या आज्जी म्हणजे हॉटेलातली खरी हायकमांड. कोपऱ्यातल्या टेबलावर बसतात, समोर खिम्याचं भांडं, बोटं चालू आणि डोळे टीव्हीवर, बंगाली सीरियल. मराठी फारसं येत नाही, हिंदी येतं ते पण बंगाली वळणाचं, घरात हक्का बोलतात. नात मोबाईलवर ॲपवरनं मँडरिन शिकतीय, पुढं जॉबला उपयोगी पडेल म्हणून, आणि शिकलेलं एक वाक्य तिनं आज्जींना म्हणून दाखवलं तर आज्जींना ओ की ठो कळेना, कारण हक्का वेगळी आणि मँडरिन वेगळी. मग दोघी हिंदीवर आल्या. नातीला हक्का समजते पण बोलता तुटकच येते, नातवाला तेवढी पण नाही. मालकांना म्हणलं शिकवत का नाही, तर म्हणले शिकवून बोलायचं कुणाशी, घरात पाच माणसं. टांग्र्यात एकेकाळी चिनी शाळा होती ती पोरं नाहीत म्हणून बंद पडली. कोलकात्यात 'सिओंग पाव' म्हणून चिनी पेपर निघायचा, १९६९ साली सुरू झालेला, तो २०२० मध्ये संपादक वारले आणि थांबला. मालकांचे वडील होते तोवर तो पोस्टानं हिकडं यायचा, आठवड्याचा गठ्ठा एकदम, शिळा. अजून काही अंक गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये तळाला अंथरलेत. मालकांना त्यातलं अक्षर वाचता येत नाही.

आज्जींबद्दल अजून एक सांगायचं राहिलं, आणि हे त्यांनी स्वतः नाही, मालकांनी सांगितलं, त्या बाजूलाच बसलेल्या असताना. त्या मूळच्या कोलकात्याच्या नाहीत, आसामातल्या माकुमच्या. १९६२ ची लढाई आपल्याला शाळेत दोन ओळींत शिकवली, नेफा, लडाख, हार, संपलं. त्या लढाईच्या वेळी भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याखाली घरातनं उचलून राजस्थानात देवळीच्या कॅम्पात टाकलं होतं. आसाम, मेघालय, दार्जिलिंगकडचे लोक, त्यात म्हातारे, बाळंतिणी, शाळकरी पोरं सगळे. काहीजण भारताचे नागरिक होते, तरी. माकुमला तर चहाच्या मळ्यांवर आणलेल्या चिनी मजुरांची कितवी तरी पिढी, आसामी बायका केलेली माणसं. रेल्वेनं कितीतरी दिवस प्रवास करत नेलं. काहींना पुढं चीनला पाठवून दिलं, जो देश त्यांनी बघितलेलाच नव्हता. काहीजण पाच वर्षांनी, १९६७ ला सुटले, तर घरंदारं लिलावात गेलेली. बाहेर राहिलेल्यांना पण पोलिसात हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. आज्जी तेव्हा पोरवयाच्या होत्या. मालक हे बोलत होते तेव्हा त्यांनी वाँटन वळायचं थांबवलं नाही, फक्त मधीच मालकांना हक्कात काहीतरी म्हणल्या आणि मालकांनी विषय बदलला.

त्यानंतर लोक देश सोडून जायला लागले ते लागलेच. कोलकात्यात वीस हजारांवर असलेली वस्ती आता दोनेक हजारांवर आलीय म्हणतात. टांग्र्याचा मुख्य धंदा चामड्याचा, टॅनऱ्या, आणि त्या १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं प्रदूषणामुळं शहराबाहेर बांतालाला हलवायला लागल्या, तेव्हा अजून बरेच गेले. बहुतेक गेले टोरंटोला. मालकांचे मेव्हणे तिथं स्कारबरोत हॉटेल चालवतात, आणि ही गोष्ट मला लई आवडली, तिथल्या असल्या हॉटेलांच्या पाट्यांवर चक्क 'हक्का' लिहितात आणि आत मिळतं काय तर चिली चिकन आणि मंचुरियन, आणि खायला येतात गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी, बांगलादेशी. चीनमधनं आलेला माणूस आत डोकावतो, मेनू बघतो आणि म्हणतो हे कसलं चायनीज. मेव्हणे भारतात होते तोवर त्यांना लोक चिनी म्हणायचे, तिथं गेल्यावर चिनी लोक त्यांना इंडियन म्हणतात. ते मॅच भारताचीच बघतात. आणि देवळीच्या कॅम्पातनं सुटून तिकडं गेलेल्यांनी २०१७ साली ओटावाला भारतीय उच्चायुक्तालयासमोर उभं राहून सरकारनं माफी मागावी म्हणून मागणी केली होती. म्हणजे राग पण भारतावरच, हक्कानं. परक्यावर कोण एवढं रुसतंय.

नाव न टाकायचं कारण २०२०. आधी कोरोना, मग जूनमध्ये गलवान. एका केंद्रीय मंत्र्यानं चायनीज हॉटेलांवर बंदी घाला म्हणून सांगितलं, चायनीज खाऊ नका म्हणलं. कोलकात्यात टांग्र्याच्या पोरांनी टी-शर्ट छापले होते, मी कोरोना नाही, माझा जन्म कोलकात्याचा, मी चीनला कधी गेलो नाही, असं. हिकडं कुणीतरी हॉटेलच्या बोर्डाचा फोटो काढून बहिष्काराचा मेसेज फिरवला. पार्सल तेवढं चालू होतं त्या वेळी, ते पण थंडावलं. गंमत म्हणजे लाल ड्रॅगनच्या गाड्यांना कुणी हात लावला नाही, कारण गाडीवरचा पोरगा चिनी दिसत नव्हता. शेजारच्या तालमीतली पोरं मग रोज संध्याकाळी दारात येऊन उभी राहायला लागली, कुणी आलंच वाकडं तर बघू म्हणून. कुणी आलं नाही. "पोरं चांगली," मालक म्हणले, "पण उधारी लई करून गेली."

एरवी काय चालतं तेही सांगतो. नवीन गिऱ्हाईक आलं की मालकांशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून हिंदी बोलतं. कुणी बहादूर म्हणतं, कुणी मणिपूरचे का विचारतं, आणि ठरलेला जोक, चायना माल आहे, गॅरंटी काय. मालक शांतपणे म्हणतात, "पन्नास वर्सं चाललाय भावा, आजून काय गॅरंटी पायजे?" मोमो मेनूवर घालायला लागले ते पण असंच, चेहरा बघून लोक मोमोच मागायचे. मोमो तिबेट-नेपाळकडचा पदार्थ, मालकांच्या घरात कधी झालेला नाही, विकत आणलेले फ्रोझन उकडून देतात आणि ते तसेच लागतात. मोमो घेऊ नका, दुकानातनं आणून घरी उकडा.

नातवाला मात्र असलं काय विचारून चालत नाही. कुठला रे तू म्हणलं की "मंगळवार पेठ" एवढंच उत्तर, आणि त्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारलाच तर तो फुटबॉलचा असतो. पाटाकडील-दिलबहार मॅचला शाहू स्टेडियममध्ये हे पोरगं गळा फाटेस्तोवर ओरडत असतं. कोल्हापुरात माणसाची पेठ कळली की पुढची चौकशी बहुतेक थांबते, हे आपलं एक बरं आहे.

हॉटेलात आत बघण्यासारखं फार नाही. आठ टेबलं, त्यातली दोन डुगडुगतात, एसी आहे पण तो फॅमिली सेक्शनच्या बाजूला, बाकीच्यांनी घामाघूम व्हायचं. गल्ल्याच्या मागं अंबाबाईचा फोटो, त्याच्या शेजारी वडिलांचा, वडिलांपुढं रोज उदबत्त्या तीन आणि संत्री. दाराच्या दोन्ही बाजूला लाल कागदाच्या चिनी अक्षरांच्या पट्ट्या, वर दसऱ्याचं तोरण वाळून तसंच. टांग्र्यात तर चिनी काली मंदिरच आहे, तिथं प्रसादाला नूडल्स असतात, त्यामुळं अंबाबाईला त्यांना वेगळं काय करायला लागलं नाही. एप्रिलमध्ये मालक कोलकात्याला थडगी साफ करायला जातात, पूर्वजांसमोर कोंबडी, फळं, दारू मांडायची आणि कागदी पैसे जाळायचे असा रिवाज आहे. आणि नवीन वर्षाला, जानेवारी-फेब्रुवारीत, अख्खं कुटुंब जातं, तिथनं बजबजजवळच्या अचिपूरला. अठराव्या शतकात वॉरन हेस्टिंग्जकडनं जमीन घेऊन तिथं साखर कारखाना काढणारा अछू म्हणून चिनी माणूस, त्याच्या थडग्याला. भारतातल्या चिनी वस्तीची सुरुवात त्याच्यापासनं धरतात. म्हणजे हे लोक भारतात कधी आले तर कोल्हापुरात शाहू महाराज जन्मायच्या शंभरेक वर्षं आधी. आपल्याजवळ महाबळेश्वरला चायनामन्स फॉल बघायला आपण शाळेच्या सहलीला गेलो होतो की, तो पण ब्रिटिशांनी तिथं ठेवलेल्या चिनी कैद्यांच्या भाजीच्या मळ्यांवरनं.

एक दिवस मी नवी कोल्हापुरी चप्पल घालून गेलतो, महाद्वार रोडवरनं घेतलेली, मालकांनी ती काढायला लावली. टेबलावर नाही, गल्ल्यावर घेतली, तळवा वाकवला, अंगठ्यानं दाबून बघितलं, नाकाला लावली. म्हणले कातडं चांगलंय, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, पण घाईत काढलंय, अजून थोडं मुरायला पाहिजे होतं. आजोबांची टॅनरी होती, लहानपण त्या हौदांमधी गेलं, वास कळतो. शेजारच्या टेबलावरचे दोघं खायचं सोडून बघायला लागले. त्यातला एक चप्पल लाईनचाच निघाला, मग अर्धा तास दोघांचं कातड्यावरनं असं रंगलं की माझे नूडल्स राहिले बाजूला.

त्या नूडल्सबद्दल: पॅन फ्राईड मागा. खालनं कुरकुरीत, वर ग्रेव्ही, मधी मऊ. साधे हक्का नूडल्स ठीक, घरगुती आहेत, तेल कमी, पण तेवढ्यासाठी इथवर यायची गरज नाही. एग फ्राईड राईस पांढराच असतो, त्यावरनं बोंब मारू नका. शेजवान राईस आहे मेनूवर, गिऱ्हाईक मागतं म्हणून, मालक स्वतः त्याला हात लावत नाहीत, दुसरा कुक करतो आणि तसाच लागतो. कोळंबी बर्फातली, रबर, वर ३६० रुपये. गोडात दरसान आहे, म्हणजे मधात घोळवलेले तळलेले नूडल्स, आईस्क्रीम बरोबर, पोरांना आवडेल.

आणि जे मेनूत नाही ते. घरात रविवारी जे होतं त्यातलं थोडं ओळखीच्या लोकांना मिळतं. पोर्कचे जाड तुकडे, चरबीसकट, खारवून वाळवलेल्या मोहरीच्या पाल्याबरोबर वाडग्यात घालून तासन् तास वाफवलेले. पाला काळा, चिवट, खारट-गोडसर, त्यात चरबी मुरलेली. पाला कोलकात्याहून येतो, आज्जींनी हिकडं मुळ्याच्या पाल्यावर करून बघितलं, जमलं नाही. मला विचाराल तर अख्ख्या हॉटेलात सगळ्यात भारी हेच आहे, पण ते चिली चिकनपेक्षा जास्त ओरिजिनल म्हणून नाही, भारी आहे म्हणून भारी आहे. शांघायवाल्या काकांना पण ते दिलं असतं तर त्यांनी ओळखलं नसतंच, शांघाय कुठं, मोइयान कुठं. मालकांना विचारलं मेनूत का घालत नाही तर म्हणले, "हे आमचं घरचं, ते आमचं धंद्याचं. दोनी आमचंच की."

सर्व्हिस स्लो. वेटर दोघंच, एक राधानगरीचा, एक ओडिशाचा, दोघंही चांगले पण गर्दीत हरवतात. यूपीआय चालतं, कार्ड नाही. सोमवारी बंद. चिनी नवीन वर्षाला आठवडाभर बंद असतं आणि दारावर फक्त 'गावी गेलोय' एवढीच चिठ्ठी असते, त्यामुळं फेब्रुवारीत जायच्या आधी चौकशी करा. पोर्क हवं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगून ठेवा, आणि आज्जींना विचारा, मालकांना नाही, मालक नाहीच म्हणतात.